कराची ते जुहू : सव्वासात तास

गोष्ट आपल्या होस्टेलच्या गच्चीवरची आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री लाइट गेले, खोलीत बसवेना, म्हणून आम्ही चारपाच जण चादरी घेऊन वर गेलो. दक्षिणेकडे अंधेरीच्या बाजूला उतरणाऱ्या विमानांचे दिवे एकामागून एक दिसत होते. फर्स्ट इयरचा एक गोंदियाकडचा मुलगा बराच वेळ ते मोजत बसला होता. मग त्याने सहज विचारलं, की इथून कराची किती लांब आहे आणि विमानाने जायला किती वेळ लागतो?

झालं! वाद सुरू. एक म्हणाला दोन हजार किलोमीटर, एक म्हणाला पाच तास. मेकॅनिकलवाल्यांनी वेग गृहीत धरला, सिव्हिलवाल्यांनी अंतर गृहीत धरलं आणि कॉम्प्युटरवाले म्हणाले की नेट आलं की बघू. लाइट आल्यावर ॲटलास काढून, पट्टी लावून पाहिलं. मुंबई ते कराची सरळ रेषेत साधारण ८७५ किलोमीटर भरतं. म्हणजे जेट विमानाला जेमतेम दीड तासाचं काम. पण गंमत अशी की गेली काही वर्षं या दोन शहरांमध्ये थेट विमानच नाही. दुबईमार्गे जायचं म्हटलं तर मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई-कराची सुमारे १,१९०. एकूण ३,१०० च्या वर! पाऊणेनऊशे किलोमीटरसाठी साडेतीनपट प्रवास, आणि मधला थांबा धरला तर सात-आठ तास सहज गेले.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी एका माणसाने कराचीहून सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी एक छोटं विमान उडवलं आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरवलं. सव्वासात तास. म्हणजे आजच्या दुबईमार्गे प्रवासाच्या तोडीस तोड. तेही एका इंजिनाच्या, लाकूड-कापड-लोखंडी नळ्यांच्या विमानात, रेडिओ नसताना. त्या माणसाचं नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेले जेआरडी.

आपल्याला ते माहीत असतात ते पुस्तकातल्या फोटोतले : पिकलेले केस, सूट, भारतरत्न. पण हा माणूस आपल्या वयाचा असताना काय करत होता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ते वाचलं आणि वाटलं, हे आपल्या मासिकात यायलाच पाहिजे.

समुद्रकिनाऱ्यावरचं पोर

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभाई टाटा हे जमशेदजी टाटांच्या नात्यातले आणि धंद्यातले भागीदार. आई सुझान ब्रिएर, फ्रेंच. लग्नानंतर तिचं नाव सूनी झालं. त्यामुळे मुलाची पहिली भाषा फ्रेंच. इंग्रजी नंतर शिकलेली. व्हर्नाक्युलर मिडियममधून आलेल्या मंडळींनी ही ओळ अधोरेखित करून ठेवावी!

बालपण सगळं विंचवाच्या पाठीवर. कधी पॅरिस, कधी मुंबई, कधी जपानमधलं योकोहामा. एक शाळा रुळली की दुसरी. मात्र उन्हाळ्याची सुट्टी ठरलेली : फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरचं आर्देलो नावाचं गाव. टाटा कुटुंबाचं तिथे घर होतं आणि शेजारीच घर होतं लुई ब्लेरिओ यांचं. हेच ते ब्लेरिओ, ज्यांनी २५ जुलै १९०९ रोजी विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडली. अंतर किती? साधारण ३७ किलोमीटर. म्हणजे आपल्या लोकलच्या हिशोबात चर्चगेट ते दहिसर. वेळ सदतीस-एक मिनिटं. आजही आपली स्लो लोकल याहून जास्त वेळ घेते, पण ते असो. त्या ३७ किलोमीटरांनी जगाचा समुद्राकडे बघायचा दृष्टिकोन बदलला.

ब्लेरिओंचा वैमानिक कधीकधी त्या किनाऱ्याच्या वाळूवर विमान उतरवायचा. ते बघायला धावणाऱ्या पोरांमध्ये छोटा जहांगीर होता. पंधराव्या वर्षी त्याने पहिल्यांदा विमानात बसून एक फेरी मारली आणि मनाशी ठरवून टाकलं, की आपण वैमानिक व्हायचं.

न झालेला इंजिनीअर

आता जी गोष्ट सांगतो ती आपल्या कॉलेजच्या गेटवर लावावी अशी आहे. जेआरडींना इंजिनीअर व्हायचं होतं. केंब्रिजला इंजिनीअरिंगला जायचं म्हणून ते इंग्लंडला तयारीच्या शाळेतही राहिले. पण फ्रेंच नागरिक असल्यामुळे आधी फ्रान्सच्या सैन्यात एक वर्ष सक्तीची नोकरी करावी लागली. घोडदळाच्या एका तुकडीत ते होते. ते वर्ष संपल्यावर आणखी सहा महिने राहायचा विचार होता, पण वडिलांनी परत बोलावलं. हे बोलावणं किती मोलाचं ठरलं पाहा : काही काळाने ती तुकडी मोरोक्कोतल्या लढाईत कापली गेली.

पण वडिलांनी त्यांना केंब्रिजलाही पाठवलं नाही. थेट मुंबईला, धंद्यात. डिसेंबर १९२५ मध्ये एकवीस वर्षांचा हा तरुण टाटांच्या ऑफिसात बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, वडील वारले. आई आधीच, १९२३ मध्ये गेली होती. बाविसाव्या वर्षी चार भावंडांची जबाबदारी अंगावर. केंब्रिज राहिलं ते राहिलंच. डिग्री नाही, कॉलेज नाही. ही रुखरुख त्यांना आयुष्यभर होती. आपण इथे अटेंडन्ससाठी रडतो, आणि ज्याने पुढे देशातल्या सर्वांत मोठ्या उद्योगसमूहांपैकी एक अर्धशतकाहून जास्त काळ चालवला, तो माणूस वर्गात बसायला मिळालं नाही म्हणून हळहळत होता.

मग कॉलेजाची भरपाई त्यांनी वाचून केली. रात्ररात्र वाचायचे. आणि जुहूला फ्लाइंग क्लब सुरू झाल्यावर तिथे नाव घातलं. चार तासांहूनही कमी सरावानंतर त्यांनी एकट्याने विमान उडवलं. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला पहिला परवाना, क्रमांक १. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडलं.

स्पार्क प्लगची गोष्ट

१९३० साली आगाखान यांनी बक्षीस लावलं : जो भारतीय एकट्याने, महिन्याभराच्या आत, भारत ते इंग्लंड किंवा इंग्लंड ते भारत विमानाने जाईल त्याला ५०० पौंड. तिघे उतरले. मनमोहन सिंग, अस्पी इंजिनीअर आणि जेआरडी. अस्पी तेव्हा अवघे सतरा वर्षांचे. म्हणजे आपल्याकडे बारावी सीईटीच्या वयाचे!

जेआरडी मे महिन्यात कराचीहून पश्चिमेकडे निघाले, अस्पी इंग्लंडहून पूर्वेकडे येत होते. इजिप्तमध्ये अबुकीर नावाच्या विमानतळावर दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडले होते. त्यांच्या इंजिनाचे स्पार्क प्लग खराब झाले होते आणि जवळ जास्तीचे नव्हते. जेआरडींजवळ होते. आता विचार करा. स्पर्धा चालू आहे. समोरचा अडकलाय. आपण न बोलता टाकी भरून निघून गेलो तर कोणी काही म्हणणार नाही. जेआरडींनी आपले जास्तीचे प्लग काढून दिले. अस्पींनीही बदल्यात आपलं जीवरक्षक जॅकेट त्यांना दिलं, कारण जेआरडींना पुढे समुद्र ओलांडायचा होता.

निकाल? अस्पी थोड्या फरकाने आधी पोचले आणि बक्षीस त्यांना मिळालं. जेआरडी हरले. ते अस्पी इंजिनीअर पुढे हवाई दलात गेले आणि १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. परीक्षेच्या आदल्या रात्री शेजारच्या खोलीत नोट्स द्यायच्या की नाहीत, यावर आपल्याकडे जे वाद होतात ते आठवून मला जरा लाजच वाटली.

लंडनहून येणारी पत्रं

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ : अंतर आणि वेळ.

१९२९ मध्ये इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन ते कराची विमानसेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा, आणि त्यातही मधला एक टप्पा आगगाडीने. तरी बोटीच्या मानाने ही मोठीच झेप होती. पण कराचीला येऊन टपाल थांबायचं. तिथून मुंबई, मद्रासकडे जायचं ते रेल्वेने. म्हणजे आकाशातून सात दिवसांत खंड ओलांडलेलं पत्र देशात आल्यावर रांगत जायचं. आपल्याकडे मनीऑर्डर गावच्या पोस्टापर्यंत वेळेत पोचायची आणि पोस्टातून घरी यायला आठवडा लागायचा, तसंच.

नेव्हिल विन्सेंट नावाचे एक माजी ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक होते. त्यांच्या डोक्यात आलं, की कराचीपासून पुढचा तुकडा आपण विमानाने जोडावा. ही कल्पना घेऊन ते टाटांकडे आले. जेआरडी लगेच तयार, पण पैसे सर दोराबजी टाटांच्या हातात. जेआरडींचे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी दोराबजींची समजूत घातली. रक्कम होती दोन लाख रुपये. सरकारने मात्र अनुदान द्यायला नकार दिला. प्रस्ताव गेले, परत आले, पुन्हा गेले. शेवटी अनुदानाशिवाय, टपालाच्या वजनावर मिळेल तेवढ्यावरच चालवायची तयारी दाखवल्यावर एप्रिल १९३२ मध्ये करार झाला.

कंपनी म्हणजे काय होतं? दोन छोटी विमानं, जुहूच्या मैदानावर झावळ्यांचं छप्पर घातलेली शेड, हातावर मोजता येतील एवढे मेकॅनिक, आणि वैमानिक म्हणून जेआरडी, विन्सेंट आणि होमी भरुचा. आपल्या टेक फेस्टिव्हलच्या कमिटीत याहून जास्त लोक असतात.

तो दिवस

विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ. वर पंख, बंद केबिन, एक इंजिन, ताकद साधारण १२० अश्वशक्ती. आजच्या मध्यम मोटारीच्या इंजिनाएवढी. वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावर इंपीरियल एअरवेजने आणलेलं लंडनचं टपाल त्यात भरलं आणि पहाटेच्या उजेडात जेआरडी निघाले.

सरळ समुद्रावरून मुंबई ८७५ किलोमीटर. पण एका इंजिनाच्या विमानाने अरबी समुद्र तिरका कापायचा म्हणजे जीवावरचा खेळ. शिवाय एवढं पेट्रोल मावणार कुठे? म्हणून रस्ता अहमदाबादवरून. नकाशावर मोजलं तर कराची ते अहमदाबाद साधारण ५९५ किलोमीटर आणि अहमदाबाद ते जुहू साधारण ४४०. एकूण १,०३५. सव्वासात तासांनी भागलं तर सरासरी ताशी १४३ किलोमीटर येते. विमानाचा वेग १६० धरला तर हवेतला वेळ साडेसहा तासांच्या आसपास आणि उरलेली पाऊण तास जमिनीवर. हिशोब बरोबर जुळतो, कारण अहमदाबादला पेट्रोल भरायचं होतं. ते पेट्रोल बर्मा शेल कंपनीचे डबे बैलगाडीतून आणून भरलं गेलं. देशातल्या विमानसेवेचं पहिलं इंधन बैलगाडीतून आलं!

इथे फर्स्ट इयरवाल्यांसाठी एक छोटासा हिशोब. विमानाचा वेग हा हवेच्या तुलनेत असतो, जमिनीच्या नाही. समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर १६० चे १३० होतात आणि १,०३५ किलोमीटरला साडेसहाऐवजी आठ तास लागतात. वारा बाजूने असेल तर आणखी पंचाईत. ताशी फक्त २० किलोमीटरचा आडवा वारा लक्षात आला नाही, तर अहमदाबादपर्यंतच्या पावणेचार तासांत विमान सत्तरेक किलोमीटर बाजूला भरकटतं. खाली काय, तर सिंधूच्या मुखाचा दलदलीचा प्रदेश आणि मग कच्छचं रण. ओळखीची खूण नाही. हातात होकायंत्र, नकाशा आणि घड्याळ. रेडिओ नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला? आपण व्हेक्टर ॲडिशन शिकतो ती पाच मार्कांसाठी. जेआरडी ती मांडीवर नकाशा ठेवून करत होते, आणि उत्तर चुकलं तर रण होतं.

आता आपल्या भागाकडे या. अहमदाबाद आणि जुहूवर पट्टी ठेवून रेघ ओढा. ती शेवटी आपल्या वसई खाडीच्या तोंडावरून, भाईंदर आणि उत्तनच्या मधून जाते. घोडबंदरचा किल्ला त्या रेघेपासून सहा-सात किलोमीटर पूर्वेला. इथून जुहूचं मैदान आकाशमार्गे साधारण २२ किलोमीटर, पस मॉथला आठ-नऊ मिनिटं. परवाच मी इथून जुहूला बसने गेलो. फाउंटन हॉटेलचा सिग्नल, दहिसरचा नाका, मग हायवे. पावणेदोन तास. ९० वर्षांत आपण एवढी प्रगती केली!

जुहूला उतरल्यावर मद्रासकडचं टपाल दुसऱ्या विमानात गेलं आणि ते घेऊन विन्सेंट बेल्लारीमार्गे पुढे निघाले. लंडनहून निघालेलं पत्र आता देशातही उडत जाऊ लागलं.

वक्तशीरपणाचं वर्ष

सुरुवात आठवड्यातून एका फेरीने झाली. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, म्हणून चार महिने मुक्काम पुण्याला. हे वाचताना मला आपल्या घोडबंदरची आठवण झाली. इथे एकेकाळी अरबस्तानातून गलबतांनी घोडे यायचे, त्यावरूनच गावाला नाव पडलं असं सांगतात. ती गलबतंही पावसाळा टाळूनच चालायची. पुढे पोर्तुगीज आले, किल्ला झाला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला. घोडे गेले, गलबतं गेली, विमानं आली, तरी आपल्या किनाऱ्यावर वेळापत्रक शेवटी पाऊसच ठरवत होता.

तरीही १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी सुमारे १ लाख ६० हजार मैल अंतर कापलं, साडेदहा टनांहून जास्त टपाल नेलं आणि १५५ प्रवासी नेले. वर्षभरात १५५! आज एका साध्या विमानात एका वेळी याहून जास्त माणसं बसतात. पण खरं कौतुक वेळेचं. त्या वर्षी टपालाची वक्तशीरता शंभर टक्के होती. घड्याळ लावावं अशी सेवा म्हणतात, ती रेडिओ नसलेल्या विमानांनी दिली.

१९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, मोटारी, रसायनं, सगळी जबाबदारी आली. १९४५ मध्ये होमी भाभांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, तिच्यामागेही ते उभे राहिले. पण विमानांचं वेड कमी झालं नाही. जानेवारी १९४२ मध्ये मात्र एक मोठा घाव बसला. पुण्यात विमानांचा कारखाना काढायच्या खटपटीत विन्सेंट इंग्लंडला गेले होते. परतताना ते ज्या लष्करी विमानात होते ते परत आलंच नाही. ज्याच्या कल्पनेवर सगळं उभं राहिलं, तो भागीदार गेला.

मुंबई ते लंडन

१९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर-इंडिया झाली. आणि ८ जून १९४८ च्या रात्री मलबार प्रिन्सेस हे चार इंजिनांचं कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं. कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत १० जूनला लंडनला पोचलं. जेआरडी स्वतः त्यात होते. सोळा वर्षांपूर्वी लंडनचं टपाल कराचीहून पुढे आणायची परवानगी मागत फिरणारा माणूस आता भारताचंच विमान घेऊन लंडनला उतरत होता. मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. १९२९ मध्ये लंडनहून नुसत्या कराचीला सात दिवस, १९४८ मध्ये मुंबईहून दुसऱ्या दिवसाच्या पुढे लंडन, आणि आज नऊ-दहा तास.

पण वेग फुकट मिळत नाही. हेच मलबार प्रिन्सेस ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समध्ये माँ ब्लां पर्वतावर आदळलं आणि आतले सगळे ४८ जण गेले. अंतर-वेळाच्या तक्त्यात ही किंमत कुठे लिहिलेली नसते.

जेआरडींचं सगळंच बरोबर होतं असंही नाही. १९४९ मध्ये सरकारने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू केली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली, मद्रास या चारही बाजूंची विमानं रात्री नागपूरला यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. जेआरडींनी हिला कडाडून विरोध केला. रात्री उतरण्यासाठी लागणारी साधनं पुरेशी नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तरी ती सेवा चालली आणि लोकांना आवडली. आजही मोठ्या कुरिअर कंपन्या रात्री एका मधल्या शहरात माल आणून वाटतात. ती युक्ती आपल्या नागपूरने तेव्हाच करून दाखवली होती.

१९५३ मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं. ज्या पद्धतीने ते झालं ती जेआरडींना अजिबात पटली नव्हती. स्वतः उभी केलेली कंपनी हातातून गेली. पण पंडित नेहरूंच्या सरकारने अध्यक्षपद देऊ केलं तेव्हा ते त्यांनी स्वीकारलं, आणि पुढची पंचवीस वर्षं एक पैसा पगार न घेता सांभाळलं. विमानातून जाताना पडद्याचा रंग, चहाची चव, काट्या-चमच्यांची ठेवण, सगळं टिपून ठेवायचे आणि उतरल्यावर ऑफिसला कळवायचे. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट आलं, त्याच वर्षी न्यूयॉर्कपर्यंत सेवा सुरू झाली, आणि १९६२ मध्ये एअर-इंडियाचा सगळा ताफा जेटचा झाला. असं करणारी ती जगातली पहिली कंपनी.

काढून टाकलं

१ जानेवारी १९७८ रोजी एअर-इंडियाचं सम्राट अशोक हे जम्बो विमान उड्डाणानंतर थोड्याच वेळात वांद्र्याजवळ समुद्रात कोसळलं. २१३ जण गेले. त्यानंतर महिन्याने, १ फेब्रुवारी १९७८ ला, मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केलं. सेहेचाळीस वर्षांचं नातं एका सरकारी आदेशाने तुटलं. ते तेव्हा ७३ वर्षांचे होते. १९८० मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने त्यांना संचालक मंडळावर परत घेतलं, पण अध्यक्षपद परत मिळालं नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? आपण एका एटीकेटीने पंधरा दिवस मेसमध्ये तोंड दाखवत नाही. जेआरडींनी काय केलं ते सांगतो. १९६२ मध्ये, पहिल्या उड्डाणाला तीस वर्षं झाली तेव्हा, त्यांनी कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा एकदा जुन्या छोट्या विमानाने केला होता. आता १९८२ मध्ये पन्नास वर्षं होत होती. वय ७८. १५ ऑक्टोबर १९८२ ला ते कराचीहून लेपर्ड मॉथ या तसल्याच एका इंजिनाच्या विमानात बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरले. तोच रस्ता, तेच मैदान. त्या सुमारास देशात सगळीकडे निराशेचा सूर होता. तरुणांना थोडी उमेद यावी, हा हेतू त्यांनी बोलून दाखवला होता. मधल्या काळात एक फाळणी झाली होती, तीन युद्धं झाली होती, कराची परदेश झालं होतं. अंतर मात्र एक किलोमीटरनेही वाढलं नव्हतं.

१९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हाला त्यांचं निधन झालं आणि पॅरिसमध्ये पेर लाशेज दफनभूमीत आईवडिलांजवळ त्यांना ठेवलं गेलं. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली. ते बघायला ते नव्हते.

जाता जाता

त्या गोंदियाच्या मुलाला मी उत्तर दिलं ते असं : अंतर ८७५ किलोमीटर, वेळ कोण विचारतंय त्यावर अवलंबून. पस मॉथने १९३२ मध्ये सव्वासात तास, जेटला दीड तास, आणि आज दुबईमार्गे जाणाऱ्याला पुन्हा सव्वासातच्या पुढे. म्हणजे इंजिन चौपट-पाचपट वेगवान झालं तरी वेळ कमी होईलच असं नाही. मधे माणसं असतात, सरकारं असतात, सीमा असतात. हा भाग कोणत्याही फॉर्म्युल्यात बसत नाही.

पुढच्या १५ ऑक्टोबरला लेक्चर नसेल तर दुपारी घोडबंदरच्या किल्ल्यावर चला. बुरुजावरून खाडीच्या तोंडाकडे, पश्चिमेला बघा. दीडच्या पुढे, जुहूला पोचायच्या आठ-दहा मिनिटं आधी, तिथूनच कुठूनतरी ते विमान गेलं असणार. आत एक अठ्ठावीस वर्षांचा, कॉलेजात न गेलेला तरुण होता. दोन वर्षांपूर्वी एक शर्यत तो हरला होता, जवळचे प्लग दुसऱ्याला देऊन. ते हरणं त्याला कुठे आड आलं, असं मला तरी दिसत नाही.

आणि हो, माझ्याकडे फ्लुइड मेकॅनिक्सच्या नोट्सचा जास्तीचा सेट आहे. खोलीवर येऊन घेऊन जा.